वायूची वाट : प्रयोगशाळेत निर्वात पंप बसवताना

निर्वात पंप हवा ओढून घेतो, असे बोलताना म्हटले जाते. प्रत्यक्षात भांड्यातले रेणू स्वतःच्याच धावपळीने पंपाच्या तोंडाशी येतात. पंप त्यांना पकडून दुसऱ्या बाजूने बाहेर टाकतो आणि परत आत शिरू देत नाही. भांडे रिकामे होत जाते तशी बाहेरची हवा त्याला चहूबाजूंनी दाबू लागते. रत्नागिरीसारख्या किनाऱ्यावरच्या गावात हा दाब दर चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅमहून किंचित अधिक असतो. काचेच्या डेसिकेटरचे झाकण २५ सेंटिमीटर व्यासाचे असेल, तर आतली हवा काढल्यावर त्यावर सुमारे ५०० किलो भार येतो, म्हणजे सिमेंटच्या दहा गोण्या. हा भार दिसत नाही आणि त्याचा आवाजही होत नाही, म्हणून तो लक्षात राहत नाही. ओटो फॉन गेरिके यांनी १६५७ मध्ये जर्मनीतल्या माग्डेबुर्गला तो सर्वांना दाखवला. तांब्याचे दोन अर्धगोल जोडून त्यांनी आतली हवा काढली, दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपले आणि तरी ते गोल सुटता सुटेनात.

पंप बसवताना सुरक्षिततेचा विचार इथून सुरू करावा लागतो. धोका बहुधा पंपाच्या पोलादी पेटीत नसतो. तो त्याला जोडलेल्या काचेत असतो, पंपात शिरणाऱ्या वाफांत असतो, पंपातून बाहेर पडणाऱ्या धुरात असतो आणि वीज अचानक जाण्यात असतो. कोकणात यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. एक, पावसाळ्यातला दमटपणा. रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जुलैत हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या घरात राहते. दुसरी, समुद्रावरून येणारा खारा वारा. विजेची टर्मिनले, क्लॅम्प, स्क्रू या सगळ्यांवर तो हळूहळू गंज चढवतो. कोरड्या, थंड देशात लिहिलेल्या माहितीपुस्तिकेत या दोन्हींचा उल्लेख ओझरता असतो, इथे मात्र पंपाची जागा ठरवण्यापासून त्यांचा हिशोब धरावा लागतो.

रत्नागिरी जिल्ह्यात अशा पंपांची गरज असलेल्या प्रयोगशाळा बऱ्याच प्रकारच्या आहेत. शहरात १९४५ साली सुरू झालेले गोगटे-जोगळेकर महाविद्यालय आहे. शिरगावला दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय आहे, ते १९८१ चे. खेड तालुक्यात लोटे-परशुरामची रासायनिक औद्योगिक वसाहत आहे आणि रासायनिक कारखाना म्हटला की त्याच्याबरोबर माल तपासण्याची प्रयोगशाळा आलीच. रसायनशास्त्राच्या वर्गात बुकनर फनेलने गाळणे, औषधी रसायनातला द्रावक रोटरी इव्हॅपोरेटरवर उडवणे, मासळीचा किंवा समुद्रशेवाळाचा नमुना गोठवून वाळवणे, ओलावा मोजण्यासाठी व्हॅक्यूम ओव्हन चालवणे या सगळ्यांना पंप लागतो, पण एकच पंप सगळ्यांना चालत नाही. पंप निवडण्यातली चूक पुढे कितीही काळजी घेतली तरी भरून निघत नाही.

सर्वांत साधा म्हणजे नळाला जोडायचा पाण्याचा पंप. पाण्याची धार अरुंद तोंडातून जाताना हवा बरोबर घेऊन जाते. त्याला हलणारा भाग नाही, वीज लागत नाही. पण पाण्याच्या स्वतःच्या वाफेच्या दाबाखाली तो जाऊ शकत नाही. ३० अंश सेल्सिअसच्या पाण्यात हा दाब ४२ मिलिबार असतो, २० अंशांच्या पाण्यात २३. म्हणजे एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या कोमट पाण्यावर हा पंप हिवाळ्यापेक्षा कमी ताकदीने चालतो. शिवाय तो मिनिटाला दहाएक लिटर पाणी घेतो, तासाला सहाशे. पावसाळ्यात धो धो पाऊस झेलणाऱ्या याच जिल्ह्यात उन्हाळ्यात कितीतरी वाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते, तेव्हा हे पाणी गटारात सोडणे योग्य नाही. आणि पाण्याबरोबर द्रावकाची वाफही गटारात जाते. टाकीतलेच पाणी फिरवणारा पंप घेतला तर पाणी वाचते, द्रावक मात्र टाकीत साठत जातो आणि ते पाणी वेळच्या वेळी बदलावे लागते.

डायफ्रॅम पंपात तेल नसते. रबरी किंवा टेफ्लॉनचा पडदा वरखाली होतो आणि हवा पुढे ढकलतो. काही मिलिबारपर्यंत तो पोहोचतो. गाळणे आणि द्रावक उडवणे या कामांना एवढे पुरे असते. महाविद्यालयाला एकच पंप घ्यायचा असेल, तर टेफ्लॉनचा डायफ्रॅम पंप हीच निवड शहाणपणाची ठरते, कारण द्रावकाच्या आणि आम्लाच्या वाफा तो सहन करतो आणि विद्यार्थ्याच्या हातून होणाऱ्या चुकाही बऱ्याच पोटात घालतो.

त्याहून खोल निर्वात हवा असेल तर रोटरी व्हेन पंपाला पर्याय नाही. तेलात बुडालेल्या दंडगोलात, केंद्रापासून बाजूला बसवलेला फिरता गाभा असतो. त्यातल्या पात्या भिंतीला घासत हवा गोळा करतात आणि दाबून झडपेतून बाहेर टाकतात. दोन टप्प्यांचा पंप मिलिबारच्या शंभराव्या-हजाराव्या भागापर्यंत जातो. ही सगळी करामत तेलाच्या पातळ थरावर चालते. म्हणून तेल बिघडले की पंप बिघडला असेच समजावे.

पंप ठेवण्याची जागा सपाट, घट्ट आणि हवेशीर हवी. टेबलाखालच्या बंद कपाटात तो ठेवण्याची पद्धत सोयीची दिसते, पण चालू पंपाचे अंग साठ-सत्तर अंशांपर्यंत तापते आणि कपाटात ती उष्णता कोंडते. चारही बाजूंना वीतभर मोकळी जागा, मोटारीच्या पंख्यासमोर काहीही नाही, खिडकीतून पावसाची झड येणार नाही आणि खारा वारा थेट लागणार नाही, अशी जागा पाहावी. साध्या मोटारीत ठिणगी पडू शकते. तेव्हा पेट्रोलियम ईथर किंवा ॲसिटोनच्या बाटल्या त्याच्या शेजारी कधीच नसाव्यात. या वाफा हवेपेक्षा जड असतात, जमिनीलगत सरकत जातात आणि पंप बहुतेक वेळा जमिनीवरच असतो, हे विसरू नये. तेलाचा पंप वीस-पंचवीस किलोंचा किंवा त्याहून जड असतो, तो दोघांनी मिळून उचलावा. खाली कडा असलेला पत्र्याचा ट्रे ठेवला की गळलेले तेल फरशीवर पसरत नाही. जुन्या पद्धतीच्या पट्ट्यावर चालणाऱ्या पंपाला जाळीचे झाकण असायलाच हवे. ओढणीचे टोक किंवा ॲप्रनचा सुटा बंद पट्ट्यात जायला क्षण पुरतो.

विजेची बाजू बसवणाऱ्याने इलेक्ट्रिशियनवर सोडून मोकळे होऊ नये. अर्ध्या अश्वशक्तीची मोटार चालताना तीन-साडेतीन अँपिअर घेते, पण सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. म्हणून तिला स्वतंत्र एमसीबी, मोठे तीन पिनांचे सॉकेट आणि तपासलेले अर्थिंग हवे. लांबलचक एक्स्टेंशन वायर नको, कारण वायरमध्ये व्होल्टेज पडते, पडलेल्या व्होल्टेजवर मोटार सुरू होताना कण्हते, जास्त करंट घेते आणि तापते. थंड, घट्ट तेलात तर आणखीच. जमिनीलगतचे सॉकेट फरशी पुसताना भिजते, ते टेबलाच्या उंचीवर घ्यावे. तीन फेजच्या मोटारीत आणखी एक पारख लागते. तीनपैकी दोन तारांची अदलाबदल झाली की मोटार उलटी फिरते आणि पंप तेल हवेच्या वाटेने नळीत ढकलू लागतो. पहिल्यांदा जोडताना नळी काढून ठेवून मोटार क्षणभर फिरवावी आणि पंखा बाणाच्या दिशेने फिरतो का ते पाहावे. ट्रान्सफॉर्मरची किंवा मुख्य वायरची दुरुस्ती झाली, जनरेटर नवा बसला, तर ही परीक्षा पुन्हा घ्यावी लागते.

मोटारीचे बटण निवडण्यात एक छोटी गोष्ट फार मोलाची आहे. साध्या स्विचवर चालणारा पंप वीज गेली की थांबतो आणि आली की आपोआप सुरू होतो, खोलीत कोणी असो वा नसो. वीज गेल्यावर सुटणारा आणि हाताने दाबल्याशिवाय पुन्हा न लागणारा स्टार्टर बसवला तर हा प्रसंग येत नाही. पहिल्या वळवाच्या वादळात वीज किती वेळा ये-जा करते हे ज्यांनी कोकणात पाहिले आहे, त्यांना याची किंमत सांगावी लागत नाही.

आता नळी. पंप चांगला आणि नळी बारीक, अशी जोडणी प्रयोगशाळांत पुष्कळदा दिसते. सुरुवातीच्या, दाब जरा जास्त असतानाच्या टप्प्यात नळीतून वाहणारा वायू व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. व्यास निम्मा केला की प्रवाह सोळावा हिस्सा उरतो. नळी आखूड, रुंद आणि कमी वळणांची असावी. गॅसच्या शेगडीची किंवा बागेतली नळी निर्वातात चपटी होते. त्यासाठी जाड भिंतीचा व्हॅक्यूम रबर किंवा तारेचा सांगाडा असलेली नळी घ्यावी. धातूच्या जोडांना केएफ १६, केएफ २५ अशा मापांचे फ्लँज येतात. दोन फ्लँजमध्ये ओ-रिंग असलेली रिंग ठेवायची आणि क्लॅम्प हातानेच आवळायचा, पाना लावायची गरज नाही. ओ-रिंगवर एक केस पडला तरी गळती होते, म्हणून बसवण्यापूर्वी ती बोटाने फिरवून पाहावी. काचेच्या जोडांना ग्रीस लागते, पण अगदी पातळ. जोड फिरवल्यावर तो सर्व बाजूंनी काचेसारखा पारदर्शक दिसला की पुरे. बोटभर ग्रीस लावले तर ते आत शिरते आणि द्रावकात विरघळते.

पंप आणि उपकरण यांच्यामध्ये तीन गोष्टी असाव्यात: वाट बंद करणारी झडप, हवा आत सोडणारी छोटी झडप आणि वाफ अडवणारा ट्रॅप. पहिल्या दोन्ही स्वस्त आहेत. काटकसर तिथेच केली जाते आणि नुकसानही तिथूनच सुरू होते.

ट्रॅपची गरज एका हिशोबावरून कळते. एक ग्रॅम पाणी थेंबभर दिसते, पण एक मिलिबार दाबाला आणि तीस अंशांना त्याची वाफ साधारण १,४०० लिटर जागा व्यापते. मिनिटाला १०० लिटर क्षमतेच्या पंपाला तेवढी बाहेर टाकायला चौदा मिनिटे लागतात. बांगड्याचे शंभर ग्रॅम मांस गोठवून वाळवायचे म्हटले तर त्यात सत्तरएक ग्रॅम पाणी असते, आणि त्याची वाफ होते जवळजवळ एक लाख लिटर. ही वाफ पंपात गेली तर दाबाखाली तिचे पुन्हा पाणी होते आणि तेलात मिसळते. पंपाच्या काचेच्या खिडकीतून हे दिसते. चांगले तेल स्वच्छ, मधासारखे झळकते. पाणी मिसळले की त्याचे ताक होते. असल्या तेलात पात्या घासतात, गंजतात आणि पंप हवा तितका खोल दाब गाठत नाही. म्हणून बर्फाची थेट वाफ व्हायला हवी तेव्हा, म्हणजे ६.१ मिलिबारच्या खाली, नमुना आणि पंप यांच्यामध्ये उणे ५० अंशांचा कंडेन्सर असावा लागतो. उणे ५० ला बर्फाच्या वाफेचा दाब मिलिबारच्या शंभराव्या भागांत, सुमारे ०.०४ उरतो. पाणी तिथेच गोठते आणि पंपाकडे फक्त हवा येते.

कमी गरजेच्या कामाला मात्र रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराचा आधार आहे. मासेमारीच्या होड्यांसाठी तिथे बर्फ मुबलक मिळतो. फोडलेल्या बर्फात त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढे मीठ घातले की उणे पंधरा-वीस अंशांपर्यंत थंडावा येतो. अशा भांड्यात बुडवलेला काचेचा ट्रॅप पाण्याची वाफ एक-दीड मिलिबारपर्यंत अडवतो. गाळण्याच्या आणि जलीय द्रावण आटवण्याच्या कामांना हे पुरेसे आहे. ईथर किंवा डायक्लोरोमिथेनसारख्या चटकन उडणाऱ्या द्रावकांना ते पुरत नाही. त्यांना कोरडा बर्फ, म्हणजे घन कार्बन डायऑक्साइड, अल्कोहोलमध्ये घालून उणे ७८ अंश गाठावे लागतात.

द्रव नायट्रोजन वापरायचा झाला तर नियम वेगळे होतात आणि ते काटेकोर पाळावे लागतात. त्याचे तापमान उणे १९६ अंश, तर ऑक्सिजन उणे १८३ लाच द्रव होतो. म्हणजे द्रव नायट्रोजनमध्ये बुडालेल्या ट्रॅपमधून साधी हवा वाहत राहिली, तर तिच्यातला ऑक्सिजन ट्रॅपच्या तळाशी साठतो. तो तिथल्या द्रावकात मिसळला की स्फोटक मिश्रण तयार होते. त्यासाठी पंप आधी सुरू करावा, दाब पुरेसा उतरू द्यावा आणि मगच थंडाव्याचे भांडे वर चढवावे. बंद करताना भांडे आधी खाली घ्यावे, मग हवा सोडावी आणि ट्रॅप काढून उघड्या तोंडाने फ्यूम हूडमध्ये ठेवावा. गोठलेल्या द्रावकासह बंद ठेवलेला ट्रॅप गरम होताना फुटतो. ट्रॅपमध्ये फिकट निळा द्रव दिसला, तर तो ऑक्सिजन आहे. अशा वेळी थंडावा काढू नये, फ्यूम हूडचा पडदा खाली ओढावा, खोली रिकामी करावी आणि अनुभवी माणसाला बोलवावे. एक लिटर द्रव नायट्रोजनपासून सुमारे ७०० लिटर वायू होतो. खिडक्या बंद करून वातानुकूलन लावलेल्या छोट्या खोलीत तो ऑक्सिजनची जागा घेतो आणि गुदमरल्याचे कळतही नाही.

आम्लाच्या वाफांसाठी थंडावा एकटा पुरत नाही. कॉस्टिक पोटॅशच्या वड्या भरलेली नळी ट्रॅपनंतर बसवावी. वड्या ओल्या, चिकट झाल्या की बदलाव्यात.

पंपाच्या दुसऱ्या तोंडाकडे, बाहेर पडणाऱ्या वायूकडे, फार कमी लक्ष जाते. जे जे ट्रॅपमधून निसटते ते तेलाच्या सूक्ष्म तुषारांसह इथून खोलीत येते. चालू पंपाच्या भोवती जो निळसर धूर आणि उग्र वास असतो, तो तोच. तुषार अडवणारा फिल्टर बसवावा आणि पुढे रुंद नळीने ही हवा फ्यूम हूडमध्ये किंवा इमारतीबाहेर न्यावी. नळी सरळ वर नेली तर तिच्यात जमलेला द्रव परत पंपात उतरतो. म्हणून पंपाजवळ खालच्या बाजूला एक बाटली जोडावी, द्रव तिच्यात पडेल. बाहेरचे तोंड खालच्या दिशेला वळवावे, वळचणीखाली, म्हणजे पावसाची झड आत येत नाही. तोंडाला मोठ्या छिद्रांची जाळी हवी, कारण कोकणात कुंभारमाशीला असे उघडे भोक फार आवडते. दिवाळीच्या सुट्टीत ती त्यात मातीचे घर करते आणि सुट्टीनंतर सुरू केलेल्या पंपाला श्वास सोडायला जागा उरत नाही. बाहेरची वाट बंद आणि पंप चालू, ही अवस्था पेटी फोडू शकते. म्हणूनच या बाजूला झडप कधीही बसवू नये, सोयीसाठीसुद्धा नाही.

ऑक्सिजन पंप करायचा असेल तर नेहमीचे खनिज तेल चालत नाही. हवेतल्यापेक्षा जास्त ऑक्सिजन त्या तेलाच्या संपर्कात आला की ते पेट घेऊ शकते. त्यासाठी फ्लोरिनयुक्त तेल भरलेला, पहिल्यापासून त्याच कामाला राखलेला पंप लागतो.

काचेचे नियम थोडे आहेत, पण त्यांना अपवाद नाहीत. गोल बुडाचा बोरोसिलिकेट फ्लास्क दाब सगळीकडे सारखा वाटून घेतो. सपाट बुडाचा साधा शंक्वाकृती फ्लास्क तसे करू शकत नाही, तो निर्वातात लावू नये. गाळण्यासाठी मिळणारा, बाजूला नळी असलेला जाड काचेचा फ्लास्क मुद्दाम त्यासाठीच बनवलेला असतो. प्रत्येक भांडे जोडण्यापूर्वी उजेडात धरून फिरवावे. ताऱ्यासारखी बारीक चीर, खरचटलेला पांढरट पट्टा, तोंडाजवळचा टवका दिसला की ते भांडे निर्वाताच्या कामातून बाद. डेसिकेटरवर जाळी किंवा निदान आडवीतिडवी चिकटपट्टी असावी, म्हणजे तो फुटला तरी तुकडे उडत नाहीत. काच आधी दाबाने आत कोसळते आणि मग तिचे तुकडे समोरच्या बाजूने सुसाट बाहेर येतात. त्यामुळे डोळ्यांवर चष्मा आणि उपकरणापुढे ॲक्रिलिकचा पडदा या दोन्ही गोष्टी हव्यात.

दाब मोजायला जुन्या प्रयोगशाळांत पाऱ्याची यू-नळी असते. ती दिसायला देखणी आणि शिकवायला उत्तम, पण हवा झटक्यात सोडली की पारा उसळून नळीचा माथा फोडतो आणि फरशीच्या फटीत जाऊन वर्षानुवर्षे वाफ सोडत राहतो. नवी जोडणी करताना तिच्या जागी डिजिटल गेज घ्यावे. खोल दाबासाठी पिरानी गेज सोयीचे, पण ते हवेसाठी जुळवलेले असते आणि द्रावकाच्या वाफेत चुकीचा आकडा दाखवते.

सगळे जोडून झाल्यावर लगेच प्रयोग सुरू करू नये. आधी पंप एकटाच, तोंड बंद ठेवून, अर्धा तास चालवावा आणि तो किती खोल जातो ते लिहून ठेवावे. मग मोकळे उपकरण जोडावे. दहा लिटरचे भांडे मिनिटाला १०० लिटरच्या पंपाने वातावरणाच्या हजाराव्या भागापर्यंत रिकामे व्हायला, हिशोबाने, चाळीसएक सेकंद लागतात. प्रत्यक्षात काही मिनिटे लागली तर ती ओलाव्याची आणि नळीची. अर्धा तास लागला तर गळती. ती ओळखायला मधली झडप बंद करून गेजकडे पाहत राहावे. दाब एकसारख्या वेगाने चढत राहिला तर कुठेतरी भोक आहे. आधी भरभर चढून मग मंदावला तर आतल्या भिंतींवरचा ओलावा सुटतो आहे, आणि पावसाळ्यात हेच जास्त वेळा घडते. एक-एक जोड बंद करून, पंपापासून पुढे पुढे जात भोक शोधावे.

पाणी शिरलेल्या तेलावर एक जुना आणि अजूनही उत्तम उपाय आहे: गॅस बॅलास्ट. जर्मन शास्त्रज्ञ वोल्फगांग गेडे यांनी १९३५ मध्ये तो शोधला. पंप वायू दाबत असतानाच थोडी बाहेरची हवा आत सोडली, तर वाफेचे पाणी होण्याआधीच झडप उघडते आणि वाफ हवेबरोबर निघून जाते. पंपावरची गॅस बॅलास्टची छोटी चकती उघडली की आवाज बदलतो, गुळगुळीत घरघरीच्या जागी खडखडाट येतो आणि नवा माणूस घाबरून ती बंद करतो. तो आवाज बिघाडाचा नव्हे. ओले काम संपल्यावर मधली झडप लावून, चकती उघडी ठेवून पंप अर्धा तास चालवला तर ताकासारखे झालेले तेल पुष्कळदा पुन्हा स्वच्छ होते. जूनच्या दमट हवेत आत येणारी हवाही ओली असते, तेव्हा हा वेळ वाढवावा.

पंप थांबवण्याचा क्रम सुरू करण्याइतकाच महत्त्वाचा आहे. उपकरणाकडची झडप बंद करायची, पंपाच्या तोंडाशी हवा सोडायची आणि लगेच बटण बंद करायचे. हवा न सोडता पंप थांबवला तर बाहेरच्या दाबाने तेल नळीत वर चढते. वीज गेल्यावर हेच घडते, आणि कोणी झडपेपर्यंत पोहोचण्याआधी घडते. पिवळसर तेलाची रेघ पारदर्शक नळीतून वर सरकताना दिसते, मग ट्रॅप, मग दिवसभर मेहनत करून वाळवलेला नमुना. पाण्याच्या पंपात तेलाऐवजी गढूळ पाणी येते. नव्या पंपांत तेल अडवणारी झडप असते, पण जुनी झाली की ती गळते. त्यामुळे वीज जाताच आपोआप बंद होणारी आणि त्याच वेळी पंपाच्या बाजूला हवा सोडणारी विजेची झडप बसवावी. तेवढा खर्च झेपत नसेल तर मध्ये एक मोठी रिकामी बाटली तरी असावी. तेल आले तर तिथे थांबेल.

काढलेले जुने तेल बेसिनमध्ये किंवा मोरीत ओतण्याचा प्रश्नच येत नाही. २०१६ च्या धोकादायक कचऱ्याच्या नियमांत वापरलेले तेल मोडते. ते झाकणाच्या डब्यात, तारीख आणि त्यात कोणकोणते द्रावक गेले असतील याची चिठ्ठी लावून साठवावे आणि परवानाधारक व्यावसायिकाकडे द्यावे. तेल बदलताना हातमोजे घालावेत, कारण पंपात शिरलेले प्रत्येक रसायन थोडेफार त्या तेलात उतरलेले असते.

महाविद्यालयाच्या मे महिन्याच्या सुट्टीआधी पंप गॅस बॅलास्टवर तासभर चालवावा, गरम असतानाच जुने तेल काढून नवे भरावे, दहा मिनिटे फिरवून थांबवावा आणि दोन्ही तोंडांना टोप्या लावाव्यात. पिन सॉकेटमधून काढून ठेवावी. पंपावर एक कागद चिकटवावा: तेल कोणत्या तारखेला बदलले, एकट्या पंपाने किती दाब गाठला आणि सुरू करण्यापूर्वी बाहेरच्या तोंडाची टोपी काढायची आहे. जूनच्या मध्यावर वर्ग भरतात तेव्हा पाऊस सुरू झालेला असतो, प्रयोगशाळेच्या भिंतींना ओल असते, आणि टोपी काढून पंप चालवणाऱ्याच्या हातात त्या कागदावरचा आकडा असतो. गेजने पुन्हा तोच दाखवला की पहिला प्रयोग लावता येतो.